ट्रामच्या शेवटच्या थांब्यापलीकडे

मुंबई शहराच्या उत्तरेकडील वाढीस जोर आला तो प्लेगमुळें. १८९६ सालीं या रोगानें शहराच्या दाट वस्तींत थैमान घातलें, आणि दोनच वर्षांनीं, १८९८ मध्यें, इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. कोंदट वस्त्या मोकळ्या करणें, रुंद रस्ते काढणें व नव्या घरांसाठीं जागा आखून देणें हें ट्रस्टचें काम. पुढें दादर-माटुंग्याच्या बाजूला आखीव रस्ते, बागा व टुमदार इमारती उठल्या. हवा मिळाली, उजेड मिळाला; पण कचेरी मात्र कोटांतच राहिली! तेथवर रोज जावयाचें कसें, हा प्रश्न घराच्या नकाशांत कोणी काढला नव्हता.

आगगाडी होती. परंतु स्टेशनापासून घर दूर असलें म्हणजे आगगाडीचा उपयोग अर्धाच. ट्राम घोड्यांची होती तेव्हांपासून, म्हणजे १८७४ पासून, मुंबईकरांच्या सवयीची. १९०७ सालीं ती विजेवर धावूं लागली. पण ट्रामला रूळ लागतात, तारा लागतात, आणि त्यांचा खर्च भरून निघावयाचा तर रस्त्याच्या दोहों बाजूंस भरगच्च वस्ती लागते. विरळ वस्तीच्या नव्या उपनगरांत तो हिशेब जमेना. मोटारबसला हें बंधन नाहीं. एखादा मार्ग चुकला असें वाटलें, तर दुसऱ्या दिवशीं ती शेजारच्या रस्त्यानें नेतां येते.

१५ जुलै १९२६ रोजीं अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली बस धावली. विजेची व ट्रामची व्यवस्था पाहणाऱ्या बी. ई. एस. टी. कंपनीनें चोवीस गाड्यांनिशीं हा प्रयोग आरंभिला. प्रारंभीच्या तीन मार्गांपैकीं एक दादरच्या ट्राम टर्मिनसपासून किंग्ज सर्कलपर्यंत जाई, हें विशेष ध्यानांत घेण्याजोगें आहे. जेथें ट्राम संपे तेथें बस सुरू होई. त्या वर्षाच्या अखेरपर्यंत सुमारें सहा लाख उतारूंनीं बसचा लाभ घेतला. पुढील सालीं ही संख्या अडतीस लाखांच्या घरांत गेली.

तथापि बस ही प्रथम सुखवस्तूंचीच गाडी मानली जाई, आणि त्याचें कारण भाड्यांत होतें. म्यूझियमपासून दादरपर्यंत ट्रामला दीड आणा पडे, तर बसला चार आणे. महिन्याचे सव्वीस दिवस जाऊन येऊन प्रवास करणाऱ्या कारकुनाला ट्रामचे चार रुपये चौदा आणे होत. बसचे तेरा रुपये. पोराबाळांच्या फीचा विचार करणाऱ्या गृहस्थानें कोणती गाडी पत्करावी, हें सांगावयास नकोच. गाडी दारावरून जाते आणि आपण तींत बसूं शकत नाहीं, यापेक्षां ती नसलेली बरी, असेंहि एखाद्यास वाटलें असेल.

म्हणून मार्गाचा वाद हा खरोखर खर्चाचा वाद होता. कंपनी खाजगी, जेथें उतारू भरपूर तेथें गाडी, हा तिचा न्याय. नगरपालिकेपुढें मात्र करदात्यांच्या गैरसोयी होत्या. लोकांचा रेटा आणि म्युनिसिपालिटीची मागणी यांमुळें अखेर १९३४ सालीं कंपनीनें शहराच्या उत्तर भागांत बससेवा वाढविली. गर्दी वाढली तसे १९३७ मध्यें दुमजली बसगाडे आले. १९४० सालीं कुलाबा ते माहीम अशी ‘लिमिटेड’ गाडी निघाली. थोड्याच ठिकाणीं थांबणारी ही गाडी लांबच्या उतारूच्या सोयीची. मधल्या थांब्यांवर उभ्या असलेल्यांना ती नुसती पाहावयास मिळे.

७ ऑगस्ट १९४७ रोजीं, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधीं, हा सारा कारभार म्युनिसिपल कॉर्पोरेशननें आपल्या हातीं घेतला. त्या वेळीं २४२ बसगाड्या २३ मार्गांवर धावत व रोज २ लाख ३८ हजार उतारूंची ने-आण करीत. आतां मार्ग ठरविण्याचा जाब थेट निवडलेल्या सभासदांना विचारतां येऊं लागला. १९५० सालीं शहराची हद्द माहीमची खाडी ओलांडून जोगेश्वरीपर्यंत गेली, १९५७ सालीं दहिसरपर्यंत. आणि दादर-माटुंगा, जें एके काळीं उपनगर होतें, तें शहराच्या मध्यावर आलें. ३१ मार्च १९६४ रोजीं शेवटची ट्राम धावली. दादरच्या त्या चौकाला मात्र लोक अजून टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस असेंच म्हणतात, आणि बसची वाट तेथेंच पाहतात.