माल्टाची मंदिरे कोणाची?

भूमध्य समुद्रात सिसिलीच्या दक्षिणेला माल्टाची बेटे आहेत. सगळी मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या गोव्यातल्या एखाद्या तालुक्याएवढी. एवढ्याशा जागेत प्रचंड शिळांची मंदिरे उभी आहेत, आणि त्यांतली जुनी इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडहून सुमारे हजार वर्षे आधीची आहेत. बांधणाऱ्यांकडे धातूचे एकही हत्यार नव्हते.

गोझो बेटावरच्या जिगांतिया मंदिराचे नावच राक्षसावरून पडले. तिथली काही शिळा पाच मीटरहून लांब आणि पन्नास टनांहून जड आहे. त्या एका राक्षसिणीने वाहून आणल्या असे गावकरी सांगत. हरवळ्याच्या लेण्यांना आपण पांडवांची लेणी म्हणतो, त्यातलाच हा प्रकार!

पण विद्वानांनी तरी काय वेगळे केले? एकोणिसाव्या शतकात ही मंदिरे फिनिशियन व्यापाऱ्यांची ठरली. पुढे तारशीनच्या शिळांवरची वळणांची नक्षी मायसिनीच्या नक्षीशी जुळते, म्हणून कला ग्रीसकडून आली आणि काळ इ.स.पू. १६०० च्या आसपासचा, असा हिशेब काहींनी मांडला. बेटावरच्या शेतकऱ्यांना हे स्वतःहून सुचले असेल, हे मनातच येत नव्हते. लहान प्रदेशाचा इतिहास लिहिताना असे फार होते. आपल्यालाही हा अनुभव आहे.

तारशीनचे मंदिर सापडले ते एका शेतकऱ्यामुळे. नांगर सारखा दगडांना अडतो, हे त्याने जाऊन थेमिस्टोक्लिस झॅमिट यांना सांगितले. (कुशावतीकाठची उसगाळीमळची कातळचित्रे अभ्यासकांपर्यंत १९९३ मध्ये पोहोचली, तीही गावकऱ्यांनी दाखवली म्हणून.) झॅमिट मूळचे डॉक्टर. माल्टाचा कुप्रसिद्ध ताप शेळीच्या दुधातून पसरतो, हे १९०५ साली त्यांनीच शोधले होते. १९१५ ते १९१९ या काळात त्यांनी तारशीनला उत्खनन केले, आणि रोग्याची नाडी पाहावी तितक्या काळजीने मातीचे थर पाहिले. वर ब्राँझयुगातल्या लोकांनी जाळलेल्या मृतांची राख आणि भांडी होती. त्याखाली सुमारे तीन फूट माती, जिच्यात माणसाची काहीच खूण नाही. आणि तिच्याखाली मंदिर. म्हणजे मंदिरवाले आणि राख पुरणारे हे लोक वेगळे, असे त्यांनी मानले. आमच्या कचेरीत जुन्या फायली इतक्या नीट कोणी उतरवत नाही!

काळाचा वाद मिटला तो रेडिओकार्बन पद्धतीने. झाडांच्या वर्तुळांवरून त्या तारखा दुरुस्त केल्यावर जुनी मंदिरे इ.स.पू. ३६०० च्या सुमारास गेली. कॉलिन रेनफ्रू यांनी १९७३ च्या आपल्या पुस्तकात हे ठासून मांडले. मायसिनीच जवळजवळ दोन हजार वर्षांनी धाकटी निघाली. मग उसनवारी कसली?

याचा अर्थ बेट एकाकी होते असा मात्र नव्हे. माल्टात ज्वालामुखी नाही, तरी उत्खननात ज्वालामुखीची काळी काच, म्हणजे ऑब्सिडियन, सापडते. ती लिपारी आणि पान्तेलेरिया बेटांवरून आलेली. चकमकीचा चांगला दगड सिसिलीहून येई. दगड बाहेरून आणला म्हणून मंदिरही बाहेरून आले असे होत नाही.

इथे पहिली वस्ती शेतकऱ्यांचीच, असे परवापरवापर्यंत मानत. एप्रिल २०२५ मध्ये उत्तर माल्टातल्या लातनिया गुहेचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि तेही बदलले. साडेआठ हजार वर्षांपूर्वी तिथे शिकारी माणसे चुली पेटवत होती. शेती नाही, शीड नाही. सुमारे शंभर किलोमीटर उघडा समुद्र ओलांडायचा, तोही काही तास अंधारात. त्यांची होडी सापडलेली नाही. सापडली ती राख, दगडी हत्यारे, आणि हरणांची, पक्ष्यांची, माशांची, सीलची हाडे.