तळटीप : बालकांच्या शौचातील दाहनिदर्शक

येथे उल्लेखिलेली शौचाची तपासणी म्हणजे जंत किंवा अमीबा शोधण्याची नेहमीची सूक्ष्मदर्शक तपासणी नव्हे. आतड्याच्या अस्तराला सूज आली की न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात आणि त्यांच्यातील कॅलप्रोटेक्टिन हे प्रथिन शौचात उतरते, ते या तपासणीत मोजले जाते. मोठ्यांमध्ये दर ग्रॅमला ५० मायक्रोग्रॅमपर्यंतचे प्रमाण सामान्य मानतात, परंतु अंगावर पिणाऱ्या निरोगी तान्ह्या बाळांतही ते याच्या कितीतरी पट आढळत असल्याने मोठ्यांची मर्यादा त्यांना लावणे सर्वस्वी चुकीचे ठरते आणि आईला विनाकारण घोर लागतो. वेल्लोरसह आठ देशांतील केंद्रांत झालेल्या माल-एड अभ्यासात मायलोपेरॉक्सिडेज व निओप्टेरिन ही शौचातील अन्य दाहनिदर्शके आणि अल्फा-१-अँटीट्रिप्सिन (रक्तातील हे प्रथिन शौचात सापडणे ही आतड्याचे अस्तर झिरपत असल्याची खूण) एकत्र मोजली गेली, तेव्हा ज्यांचे एकत्रित गुणांकन अधिक होते त्या मुलांची उंची पुढील सहा महिन्यांत कमी वाढल्याचे, आणि तेही जुलाबांचा परिणाम वजा करून, दिसले. सोलापूरच्या संदर्भात नमुना हाताळण्याची बाब विशेष महत्त्वाची आहे : लंगोटाने पाणी शोषले की उरलेल्या शौचातील प्रमाण फुगते, म्हणून नमुना शक्यतो ताजा असतानाच डबीच्या झाकणाला जोडलेल्या चमच्याने घ्यावा, शिवाय कॅलप्रोटेक्टिन साध्या तापमानात दोन-तीन दिवस टिकत असले, तरी एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीपार जात असताना अक्कलकोट किंवा करमाळ्याहून एस.टी.ने येणारी डबी बर्फाच्या पेटीतूनच आणावी.