गोंगाटातला समुद्र
भूकंप नसतानाही भूकंपमापकाच्या आलेखावर सूक्ष्म कंपने उमटत राहतात. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील सुधांशु कुमार बॅनर्जी यांनी १९३० मध्ये त्यांचा संबंध भारतीय समुद्रांतील वादळे आणि मोसमी वाऱ्यांशी जोडला. पण लाटांचा दाब तर खोलवर विरून जातो; मग समुद्रतळ हादरतो कसा? १९५० मध्ये मायकेल लाँगे-हिगिन्स यांनी गणिताने दाखवले की, समान आवर्तकालाच्या लाटा समोरासमोर भिडल्या की निम्म्या आवर्तकालाचा दाबबदल थेट तळापर्यंत पोहोचतो.

आज हौशी अभ्यासकांच्या संवेदनशील घरगुती यंत्रांवरही तीच कंपने दिसतात. वाहतुकीची जलद थरथर रात्री ओसरते. काही सेकंदांच्या आवर्तकालाची संथ लय मात्र रात्रभर टिकते. ती बहुधा समुद्राची असते. म्हणूनच आलेखातला गोंगाट गाळण्यापूर्वी त्याचा उगम शोधणे अगत्याचे ठरते.