आकाशातील मेघांचे वस्तुमान : एका मोजमापाचा इतिहास

मराठीत ज्याला तेजोमेघ म्हणतात त्याला उर्दूत ‘सहाबिया’ असा शब्द आहे. ‘सहाब’ म्हणजे ढग. इ. स. 964 च्या सुमारास अब्दुर्रहमान अस-सूफी याने आपल्या अरबी ग्रंथात देवयानीतील एका अंधुक ठिपक्याची नोंद लहानसा ढग अशीच केली. तो ढग नसून स्वतंत्र दीर्घिका आहे, हे विसाव्या शतकात एडविन हबल यांनी दाखविले. उलट आकाशगंगेतील जे काळे पट्टे पूर्वी रिकामी जागा समजले जात, तेच खरे ढग निघाले. डिसेंबरच्या निरभ्र रात्री पेडणे किंवा डिचोलीतील एखाद्या अंधाऱ्या वाड्यावरून मृगाच्या बाणाखाली जो पुसट ठिपका दिसतो, तो अशाच एका प्रचंड मेघाचा उजळलेला कोपरा होय.

हे मेघ मुख्यतः हायड्रोजन रेणूंचे. तापमान सुमारे उणे 260 अंश सेल्सिअस, वस्तुमान सूर्याच्या हजारो ते लाखो पट. असा मेघ टिकेल की स्वतःच्याच भाराने कोसळेल, याचे गणित जेम्स जीन्स यांनी 1902 मध्ये मांडले. आतील दाब पेलू शकेल त्यापेक्षा वस्तुमान अधिक झाले की मेघ आकुंचन पावतो आणि त्यातून तारे घडतात. गणित सुटले; परंतु त्यात घालावयाचा वस्तुमानाचा आकडा कोणापाशी नव्हता. थंड हायड्रोजन रेणू जवळजवळ मुका असतो. 1970 मध्ये विल्सन, जेफर्ट्स व पेन्झियस यांनी मृगातील मेघात कार्बन मोनॉक्साइडच्या 2.6 मिलिमीटर लांबीच्या लहरी टिपल्या, तेव्हा कुठे साक्षीदार मिळाला.

या लहरींवरून वायूचा वेग कळतो. वेग व आकार यांवरून, मेघ समतोलात आहे असे धरून, वस्तुमान काढता येते. मेख येथेच आहे. समतोल गृहीत धरून काढलेल्या वस्तुमानावरून समतोलाचाच निर्णय करणे म्हणजे वादीलाच न्यायाधीश नेमणे! शिवाय सर्व मेघ मोकळेपणी कोसळत असते, तर आकाशगंगेत दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे जन्मले असते. प्रत्यक्षात जन्मतात ते दोन-तीन सूर्यांइतके. अंतर्गत खळबळ, चुंबकीय क्षेत्र, नव्या ताऱ्यांचे झोत यांपैकी मेघांना कोण किती सावरते, यावर अद्याप मतभेद आहेत.

म्हणून वस्तुमानाचा स्वतंत्र पुरावा हवा होता. तो मेघातील धुळीने दिला. मात्र तिचे दूर-अवरक्त किरण हवेतील बाष्प गिळून टाकते. कोकण-गोव्याची दमट हवा तर सोडाच, उंच कोरड्या डोंगरावरूनही ते दिसत नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील संशोधकांनी एक मीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादहून महाकाय फुग्याने सुमारे 30 किलोमीटर उंचीवर नेली. 1983 च्या ‘आयरास’ उपग्रहाची दृष्टी 100 मायक्रॉनपर्यंतच पोहोचत होती, त्यामुळे अतिथंड धूळ तिच्यातून बरीचशी निसटली. मुंबईच्या दुर्बिणीने ती सुमारे 150 व 210 मायक्रॉनवर मोजली. या पल्ल्यावरचे हे काम त्याच्या योग्यतेच्या मानाने फारच कमी परिचित आहे. दोन्ही तेजांच्या प्रमाणावरून धुळीचे तापमान, तापमानावरून धुळीचे वस्तुमान आणि त्याच्या साधारण शंभरपट वायू, असा तो हिशेब. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या 30 अँटेनांनी त्याच प्रदेशांतील तप्त, आयनीभूत वायूचे नकाशे पुढे जोडून दिले. तरीही तापमान काही अंशांनी चुकले, की वस्तुमान दुप्पट-तिप्पट बदलते. आणि बऱ्याच मेघांच्या बाबतीत टिकणे व कोसळणे यांतील अंतरही जवळपास तेवढेच असते.