तीनशे बाय एकशे नव्वद : एका बीपीची गोष्ट

आज एका आकड्यापासून सुरू करू. ३००/१९०. हे बीपी आहे, आणि ते अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाचं आहे.

१२ एप्रिल १९४५. फ्रँकलिन रूझवेल्ट जॉर्जियातल्या वॉर्म स्प्रिंग्जला होते. अचानक डोकं प्रचंड दुखायला लागलं, शुद्ध हरपली आणि काही तासांत ते गेले. मेंदूत रक्तस्राव झाला होता. वय ६३. हे अचानक झालेलं नव्हतं बरं का. मार्च १९४४ मध्ये डॉ. हॉवर्ड ब्रून यांनी त्यांना तपासलं, तेव्हाच बीपी १८६/१०८ होतं. पण तेव्हा उपाय काय होते? मीठ कमी, सिगारेट कमी, विश्रांती. बीपी नीट खाली आणणारी गोळीच हाताशी नव्हती. वय वाढलं की बीपी वाढणारच, असं मानणारे डॉक्टरही भरपूर होते.

१९४८ मध्ये अमेरिकेने हृदयरोगाच्या संशोधनाचा कायदा केला आणि मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात एक अभ्यास सुरू झाला. ५,२०९ माणसं, दर दोन वर्षांनी तपासणी. आपल्या भाषेत सांगायचं तर, सर्व्हर क्रॅश व्हायच्या आधीपासून लॉग ठेवायचे. 'रिस्क फॅक्टर' हा शब्द घरोघरी पोचला तो याच अभ्यासामुळे.

आता थोडं मुंबईला येऊ. १९४९ मध्ये डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये एक लेख लिहिला. विषय होता सर्पगंधा. आपल्याकडची जुनी वनस्पती बीपी उतरवते, हे त्यांनी रुग्णांवर वापरून, मोजून दाखवलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन हे औषध वेगळं काढलं गेलं. १९६७ मध्ये अमेरिकेतल्या माजी सैनिकांवरच्या गाजलेल्या चाचणीत जी तीन औषधं एकत्र दिली, त्यात रेसर्पिन होतं. फरक इतका स्पष्ट होता, की जास्त बीपीवाल्या गटाची चाचणी लवकर थांबवावी लागली.

पण यात डिमेन्शिया कुठे आला? मेंदूला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्या वर्षानुवर्षं जास्त दाब सोसतात. त्या जाड होतात, तुंबतात, आणि मेंदूचे छोटे छोटे भाग मरतात. कधी लकवा होतो, तर कधी बाहेरून काहीच कळत नाही. मग हिशोब करायला वेळ लागतो, ठरवलेलं काम पार पडत नाही, चाल मंदावते. १९७४ मध्ये व्लादिमिर हॅचिन्स्की आणि सहकाऱ्यांनी लॅन्सेटमध्ये मांडलं, की रक्तवाहिन्यांमुळे होणारा स्मृतिभ्रंश बहुतेकदा अशा अनेक छोट्या आघातांची बेरीज असते. म्हणजे तो काही प्रमाणात टाळता येईल.

आणि तसंच दिसतंय. २०१६ मध्ये फ्रेमिंगहॅमच्याच नोंदींतून समोर आलं, की तिथे डिमेन्शियाच्या नव्या केसेस दर दशकात साधारण २० टक्क्यांनी कमी होत गेल्या. २०१९ च्या स्प्रिंट माइंड चाचणीत वरचं बीपी १२० च्या खाली ठेवायचं लक्ष्य असलेल्या गटात विसराळूपणाची सौम्य पायरी १९ टक्क्यांनी कमी दिसली. पूर्ण डिमेन्शियातली घट मात्र तिथे ठामपणे सिद्ध झाली नाही. तेव्हा जादू नाही, पण दिशा पक्की आहे.

यादी तुम्हाला माहीतच आहे : बीपी, शुगर, तंबाखू-सिगारेट, कोलेस्टेरॉल, बसून राहणं, आणि हृदयाचे अनियमित ठोके. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे लोणचं-पापडसुद्धा धरून. आणि "आता बरं वाटतंय" म्हणून बीपीची गोळी परस्पर बंद करायची नाही. हे वाक्य आपल्या प्रत्येकाच्या घरात कुणीतरी बोललेलं असतं, आणि घोळ तिथेच होतो, कारण बीपी वाढलेलं असतानाही बहुतेकांना बरंच वाटत असतं.

रूझवेल्टकडे डॉक्टर होते, औषध नव्हतं. आपल्याकडे औषध आहे, तेही स्वस्त. आज घरी फोन कराल तेव्हा "जेवलीस का"च्या पाठोपाठ एवढं विचारा : "आई, शेवटचं बीपी कधी मोजलंस? किती होतं?" आणि तिशी जवळ आली असेल तर स्वतःचंही मोजा.

भेटू पुढच्या भागात!