मत्स्यालयातील तापमान : मासे व कोळंबी

मासे आणि शोभेची कोळंबी एकत्र पाळलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीत राखायचे पाण्याचे तापमान. दोन्ही प्राणी अनियततापी असल्याने त्यांच्या शरीराचे तापमान भोवतालच्या पाण्याबरोबर बदलते. श्वसन, पचन, वाढ, प्रजनन आणि आयुर्मान या सर्वांवर त्याचा परिणाम होतो. चेरी कोळंबी आणि तिच्या सोबतीला ठेवण्याजोगे लहान मासे यांच्यासाठी साधारणपणे २३ ते २५° से. तापमान सोयीचे ठरते.

परिणाम : पाणी तापले की त्यात विरघळलेला ऑक्सिजन घटतो. हवेने संपृक्त झालेल्या एक लिटर गोड्या पाण्यात २०° से. तापमानाला सुमारे ९.१ मिग्रॅ., तर ३०° से.ला सुमारे ७.६ मिग्रॅ. ऑक्सिजन मावतो. नेमक्या याच वेळी चयापचय वाढून प्राण्यांची ऑक्सिजनची गरज वाढते. ऑक्सिजन अपुरा पडला, की मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करतात, कल्ले जोरजोराने हलतात आणि एरवी तळाशी चरणारी कोळंबी वरच्या वनस्पतींवर किंवा फिल्टरच्या नळीवर चढून बसते. अमोनियाचा विषारी अंशही तापमानाबरोबर वाढतो. पीएच ८ असताना एकूण अमोनियापैकी तो २०° से.ला सुमारे ४ टक्के, तर ३०° से.ला सुमारे ७.५ टक्के असतो. उबदार पाण्यात कोळंबी लवकर वाढते, वरचेवर कात टाकते आणि तिची अंडीही लवकर फुटतात; मात्र तिचे आयुष्य कमी होते.

निवड : प्रत्येक जातीचा सोसवणारा पल्ला पाहून सर्वांना सामाईक असलेला भाग निवडावा; सरासरी काढू नये. चेरी कोळंबी (निओकॅरिडिना डेव्हिडी) २० ते २६° से.मध्ये सुखाने राहते आणि निऑन टेट्राचा पल्लाही जवळपास तोच असल्याने ही जोडी जमते. क्रिस्टल रेड कोळंबीला २० ते २४° से., तर डिस्कस माशाला २८ ते ३०° से. पाणी लागते. हे दोन्ही एकत्र ठेवलेल्या टाकीत २६° से. ठेवल्यास ते दोघांनाही मानवत नाही. अशा जाती वेगळ्याच ठेवाव्या लागतात. सर्व कोळंब्या थंड पाण्याच्या असतात असेही नाही. इंडोनेशियातील सुलावेसी बेटावरच्या सरोवरांतील कोळंबीला २७ ते ३०° से. तापमान मानवते. तापमान जुळले तरी एंजलसारखे मोठे मासे कोळंबी खातात, हे वेगळे लक्षात घ्यावे लागते.

महाराष्ट्रातील व्यवस्था : येथे पाणी तापवण्यापेक्षा उन्हाळ्यात ते थंड राखणे अवघड असते. टाकीचे झाकण काढून पृष्ठभागावर छोटा पंखा सोडल्यास बाष्पीभवनाने पाणी काही अंश निवते. विदर्भाच्या कोरड्या हवेत हा उपाय चांगला लागू पडतो, कोकणच्या दमट हवेत कमी. उडालेल्या पाण्यामागे क्षार उरत असल्याने भर घालताना आरओचे पाणी वापरतात. बर्फाने तापमान झपाट्याने उतरते आणि बर्फ वितळला की पुन्हा चढते. असे चढउतार कोळंबीला किंचित जास्त पण स्थिर तापमानापेक्षा घातक ठरतात. उन्हाळ्यात खाद्य कमी करून हवेचा पंप चालू ठेवावा. नाशिक, पुणे, नागपूर येथील हिवाळ्यात हीटर लागतो. साधारण एक लिटरला एक वॅट ही क्षमता पुरते. हीटरवरील आकड्यावर न विसंबता टाकीत स्वतंत्र तापमापक ठेवावा, कारण थर्मोस्टॅट अडकून हीटर चालूच राहिल्यास लहान टाकी काही तासांत तापते.

पाणी बदलताना नव्या व जुन्या पाण्यातील फरक १-२ अंशांपेक्षा जास्त नसावा. नवी कोळंबी पिशवीसह १५-२० मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून, मग टाकीचे पाणी थेंबाथेंबाने पिशवीत मिसळून सोडतात.

रोगोपचार : माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगात पाणी ३०° से.पर्यंत तापवून परजीवीचे जीवनचक्र वेगाने पुढे सरकवतात आणि तो पाण्यात मोकळा पोहत असताना औषधाने मारतात. एवढी उष्णता चेरी कोळंबीला जाचते आणि तांबेयुक्त औषध तिला मारक ठरते. म्हणून मिश्र टाकीतील आजारी मासे वेगळ्या भांड्यात हलवून उपचार करतात. मासे नसलेल्या टाकीत हा परजीवी तग धरू शकत नाही. त्यामुळे काही आठवड्यांनंतर बरे झालेले मासे परत सोडता येतात.