कृष्णाकाठची हलगी

चैत्र लागला की कृष्णाकाठी जत्रांचा हंगाम सुरू होतो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत मग गावोगाव कुस्त्यांची मैदाने भरतात. मैदानाच्या कडेला, पाचटाच्या नाहीतर कागदाच्या जाळावर, एक माणूस हलगी शेकीत बसलेला असतो. कातडे तापून ताणले, की तो उठतो. एका हातात आखूड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. पहिला ठोका पडताच साऱ्या मैदानाच्या अंगावर काटा उभा राहतो. घुमके आणि कैताळ साथीला येतात, पैलवान दंड थोपटतात, आणि हलगी चढत जाते तशी कुस्तीही चढत जाते. सायंकाळी जिंकलेल्या पैलवानाला फेटा बांधतात, खांद्यावर घेऊन मिरवतात. हलगीवाला मिरवणुकीच्या पुढे वाजवीत चालतो खरा. पण त्याचे नाव विचारावे असे फार थोड्यांना सुचते.

या हलगीवाल्याविषयी आम्हांला येथे चार शब्द सांगावयाचे आहेत. हलगी हे गुलामीचे वाद्य की स्वाभिमानाचे, हा आमचा प्रश्न आहे.

गावगाड्याची जुनी व्यवस्था ज्यांनी पाहिली किंवा ऐकली आहे, त्यांना हा प्रश्न का पडतो ते कळेल. गावाने प्रत्येक जातीला काम नेमून दिले होते. मातंगांकडे दोर वळणे, केरसुण्या बांधणे आणि हलगी वाजविणे ही कामे होती. लग्न असो, जत्रा असो, कोणाची अंत्ययात्रा असो, हलगीवाल्याने हजर राहावयाचे, आणि त्याबद्दल सुगीत चार पेंढ्या आणि सणाला वाढलेले अन्न घ्यावयाचे. ज्या देवापुढे तो वाजवी, त्या देवाच्या गाभाऱ्यात त्याला प्रवेश नव्हता. वाद्य त्याचे, पण केव्हा वाजवावे आणि केव्हा थांबावे, हे ठरविणारे दुसरेच. कला त्याच्या हातात होती आणि हुकूम गावाच्या तोंडात होता.

अशाच एका वाद्याची कथा पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला घडली आहे. ती आधी ऐकावी, म्हणजे घरची कथा अधिक स्पष्ट दिसेल. वेस्ट इंडिजमधील जमैका बेट आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहे. या बेटावर इंग्रज मळेवाल्यांनी आफ्रिकेतून माणसे पकडून आणली आणि उसाच्या मळ्यांत राबविली. ढोलाच्या आवाजावर बंडाचे निरोप जातील, या भीतीने मळेवाल्यांच्या कायद्यांनी गुलामांच्या ढोलांवर बंदी घातली होती. मात्र शेतातील कामाला ठेका मिळावा म्हणून काही वादकांना सवलत असे. त्यांच्या या वादनाला ‘बुरू’ म्हणत. म्हणजे जे वाद्य धन्याला उपयोगी, तेवढे ठेवले; जे गुलामाला उपयोगी, ते मोडले. १८३४ च्या १ ऑगस्टला गुलामगिरी कायद्याने उठली, १८३८ मध्ये पूर्ण सुटका झाली. मळ्यातले काम संपले आणि बुरू वादक किंगस्टन शहराच्या झोपडपट्ट्यांत येऊन पडले. प्रतिष्ठित लोक त्यांचे वादन रानटी समजत.

गुलामांच्या जागी मळेवाल्यांनी हिंदुस्थानातून गिरमिटिये नेले. ‘ब्लंडेल’ हे त्यांचे पहिले जहाज १८४५ च्या १० मे रोजी जमैकाला लागले, आणि १९१७ पर्यंत सुमारे ३६ हजार हिंदी मजूर तेथे पोचले. त्यांचे काही शब्द त्या बेटाच्या बोलीत रुजले. पुढे १९३० च्या २ नोव्हेंबरला इथिओपियात रास तफारी हे ‘हैले सेलासी’ या नावाने सम्राटपदी बसले, तेव्हा जमैकातील काही गरिबांना वाटले की काळ्या माणसाचा तारणहार प्रकट झाला. मार्कस गार्वी या त्यांच्याच बेटावरील पुढाऱ्याने काळ्या माणसाला आफ्रिकेचा अभिमान आधीच शिकविला होता. त्यातून ‘रास्ताफारी’ हा पंथ निघाला. लिओनार्ड हॉवेल हा त्याचा एक आद्य प्रचारक. त्याने आपल्या पुस्तिकेवर घातलेले ‘गंगुनगुरू मराघ’ हे नाव अभ्यासकांनी उलगडले, तेव्हा त्यात आपले ‘गुरू’ आणि ‘महाराज’ हे शब्द निघाले! आणि ज्या इथिओपियाकडे हे लोक डोळे लावून बसले, तो म्हणजे आपल्या बखरींतील हबसाण. निजामशाहीचा कर्ता वजीर मलिक अंबर तेथूनच दख्खनला आला होता. जग वाटते तितके दूर नसते.

रास्ताफारींजवळ श्रद्धा होती, पण स्वतःचे वाद्य नव्हते. बुरू वादकांजवळ वाद्य होते, पण त्यामागे विचार नव्हता. किंगस्टनच्या वस्त्यांत या दोघांची गाठ पडली. काउंट ऑसी या वादकाने बुरूचे ढोल रास्ताफारींच्या भजनाला जोडले. १९६० च्या सुमारास ‘ओ कॅरोलिना’ या गाण्यात ते ढोल प्रथमच ध्वनिमुद्रिकेवर उमटले. मग स्का, रॉकस्टेडी अशा पायऱ्या चढत १९६८ च्या सुमारास ‘रेगे’ हा प्रकार उदयास आला. वस्तीत वाढलेल्या बॉब मार्ले, पीटर टॉश आणि बनी वेलर या तिघांनी तो जगभर नेला. हे सारे सुखासुखी झाले नाही. हॉवेलला १९३४ मध्ये राजद्रोहाबद्दल तुरुंगवास झाला, आणि १९५४ मध्ये पोलिसांनी त्याची वसाहत उद्ध्वस्त केली. १९६२ मध्ये देश स्वतंत्र झाल्यावरही, १९६३ मध्ये कोरल गार्डन्स येथे एका हिंसक प्रकारानंतर सरकारने रास्ताफारींची सरसकट धरपकड केली. त्याबद्दल देशाच्या पंतप्रधानांनी क्षमा मागितली ती २०१७ मध्ये! पुढच्याच वर्षी युनेस्कोने रेगेला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. धन्याच्या कामाला ठेका देणारा ढोल असा एका राष्ट्राचा आवाज झाला.

आता कृष्णाकाठी परत येऊ. एका वाळवे तालुक्यातच तीन गावे अशी आहेत, की त्यांच्यावरून या प्रश्नाची तीन अंगे सांगता येतात.

पहिले गाव रेठरे हरणाक्ष. येथे १८६६ मध्ये श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी जन्मले. तेच शाहीर पठ्ठे बापूराव. ब्राह्मण कुळातला हा माणूस घरदार आणि कुलकर्णीपण सोडून तमाशाच्या फडात गेला, आणि पवळा हिवरगावकर या महार समाजातील कलावतीबरोबर त्याने महाराष्ट्र वेडा करून सोडला. ज्यांना विटाळ मानीत त्यांच्यात तो जाऊन बसला, हे त्याचे धैर्य मोठे होते. परंतु त्याच्या फडाने पवळेला कीर्ती दिली, तशी तिच्या समाजाला प्रतिष्ठा दिली काय? महाडच्या सत्याग्रहासाठी बापूरावांनी देऊ केलेले खेळाचे उत्पन्न डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाकारले, असे सांगितले जाते. आपल्या बायका नाचवून मिळालेला पैसा आपल्या मुक्तीला नको, हा त्या नकाराचा अर्थ.

हा नकार समजून घ्यावयाचा, तर साताऱ्याकडेच पाहावे लागेल. १९०० च्या ७ नोव्हेंबरला बालक भीमराव साताऱ्याच्या सरकारी शाळेत, आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, दाखल झाले. वर्गात बसण्यासाठी गोणपाट घरून न्यावे लागे आणि नळाला हात लावण्याची मुभा नव्हती, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. ज्याने हे भोगले, त्याला गावाने दिलेल्या कामांत कला दिसण्याआधी बेडी दिसावी यात नवल नाही. १९२७ मध्ये महाडला त्यांनी हलकी मानलेली कामे टाकून देण्याचा उपदेश केला. १९५६ च्या धर्मांतरानंतर तर अनेक गावांत बौद्ध बांधवांनी गावकीचे वाजविणे कायमचे बंद केले. १९५८ मध्ये कनिष्ठ गावकामगार वतनेच कायद्याने नष्ट झाली. वाद्य खाली ठेवणे हाही एक आवाजच होता, आणि तो गावाला चांगलाच ऐकू गेला.

दुसरे गाव येडे मच्छिंद्र. क्रांतिसिंह नाना पाटलांचे. त्यांची मुळे सत्यशोधक चळवळीत होती. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये स्थापन केलेल्या या समाजाच्या अनुयायांनी एक युक्ती केली होती. भाषणाला न येणारा शेतकरी तमाशाला येतो, हे ओळखून त्यांनी तमाशाचाच जलसा केला. ढोलकी तीच, डफ तोच. पण शृंगाराच्या जागी सावकारी, भटशाही आणि शिक्षण हे विषय आले. आंबेडकरी चळवळीतही भीमराव कर्डक यांच्यासारख्यांनी हाच मार्ग धरला. पुढे बेचाळीसच्या आंदोलनातून सातारच्या प्रतिसरकारचा उदय झाला. न्यायमंडळे, दारूबंदी, कमी खर्चाचे गांधीविवाह हे कार्यक्रम गावागावांत पोचविण्यात शाहिरांचा डफ पुढे होता. शाहीर शंकरराव निकम तेथे गात, आणि तरुण ग. दि. माडगूळकर पोवाडे रचून देत. साहेबाच्या पोलिसाला डफावर बंदी घालावीशी वाटे, ती जमैकाच्या मळेवाल्याला ढोलाची भीती वाटे त्याच कारणाने.

तिसरे गाव वाटेगाव. येथे १९२० च्या १ ऑगस्टला, जमैकाच्या गुलामांची बेडी तुटल्याच्या तारखेला, तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म मातंग कुटुंबात झाला. आपण त्यांना अण्णाभाऊ म्हणतो. शाळा त्यांना दीड दिवसाचीच लाभली असे सांगतात. १९३१-३२ च्या सुमारास हे कुटुंब पायी चालत मुंबईला गेले. अण्णाभाऊंनी गिरणीत काम केले, मजुरांच्या वस्तीत राहिले, आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. त्यांनी तमाशा टाकला नाही. त्याचा कणा बदलला. गणातील देवतेच्या जागी मातृभूमी आणि हुतात्मे आले, गौळणीला रजा मिळाली, आणि वगात कष्टकरी माणूस नायक झाला. तमाशाला लोकनाट्य ही प्रतिष्ठा मिळाली ती या खटपटीतून. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या शाहिरांच्या डफाने मैदाने भरून काढली. १९५९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. ज्या जमातीला इंग्रजी कायदा जन्मतः गुन्हेगार ठरवीत होता, तिच्यातला वीर त्यांनी मराठी वाङ्मयात उभा केला.

येथे नीट पाहिले पाहिजे. बाबासाहेबांनी वाद्य खाली ठेवावयास शिकविले, अण्णाभाऊंनी ते उचलले. मग दोघांत विरोध झाला काय? आम्हांला तसे वाटत नाही. हुकमाने वाजणारी हलगी आणि स्वेच्छेने वाजणारी हलगी या दोन निराळ्या वस्तू आहेत, कातडे एकच असले तरी. ‘वाजविणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकार ज्याला मिळाला, त्याच्याच वाजविण्याला कला म्हणता येते. आधी नकार, मग निर्मिती, असा हा क्रम आहे. किंगस्टनमध्येही धन्याचा ठेका थांबल्यावरच बुरूला स्वतःचे गाणे सापडले.

दोन कथांत भेद आहे, तोही लपवू नये. जमैकात आफ्रिकी वंशाचे लोक बहुसंख्य. त्यांचा ढोल राष्ट्राने स्वीकारला तेव्हा राष्ट्राने स्वतःलाच स्वीकारले. आपल्याकडे हलगीवाल्याची चार घरे प्रत्येक गावात एकटी. रास्ताफारीने आपली पुण्यभूमी समुद्रापार शोधली. बाबासाहेबांना ती बुद्धाच्या धम्मात सापडली. अण्णाभाऊंनी ती कामगाराच्या तळहातावर पाहिली. प्रश्न तिघांचाही एकच: जेथे जन्मलो तेथे आम्हांला माणूस म्हणून मान का नाही?

मार्ले १९८१ मध्ये वारले, तेव्हा त्यांना राजकीय इतमामाने निरोप दिला गेला. अण्णाभाऊ १९६९ च्या १८ जुलैला मुंबईत वारले ते हलाखीत. त्यांच्या नावाचे टपाल तिकीट २००२ मध्ये निघाले, आणि २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा बसला. हा गौरव उशिरा झाला तरी योग्यच झाला. पण पुतळ्याला हार घालणे सोपे असते, कारण पुतळा पंगतीला बसत नाही.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. हलगीच्या स्पर्धा होतात, तरुण मुले ती शिकतात, शहरांतल्या मिरवणुकांत तिला मागणी आहे. हे आनंदाचे आहे. पण ज्या गावात हलगीवाल्याला जातीच्या नावाने हाक मारतात, आणि जेवण उरकल्यावर त्याचे ताट बाजूला वाढतात, त्या गावाने अजून हलगी ऐकलेली नाही; नुसता आवाज ऐकला आहे. पुढच्या जत्रेत कुस्ती सुटल्यावर पैलवानाला फेटा बांधाल, तेव्हा दुसरा फेटा तयार ठेवा. जाळाशी बसलेल्या त्या माणसाला त्याचे नाव विचारा, आणि मग ते नाव ध्वनिक्षेपकावरून साऱ्या मैदानाला सांगा.